बेज घराला डाळिंबी पदर: घरातल्या घरात आपली कामाची खोली लावताना

आमचं घर नाशिकला, पाथर्डी फाट्याला. फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट बघून आमच्याकडे हे इतके हरखले, की तसंच्या तसं घर लावून घेतलं. बेज टाइल्स, मोतिया भिंती, राखाडी सोफा, फिक्या लाकडी रंगाची दारं. वाईट काहीच नाही. धूळ दिसत नाही, डोळ्यांना शांत वाटतं. सासूबाई मात्र पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय, नुसता नंबर पुकारायचा राहिलाय."

मी घरून जीएसटीचं काम करते. चार वर्षं डायनिंग टेबलावर काढली. एका बाजूला पोळ्यांचा डबा, दुसऱ्या बाजूला क्लायंटच्या फाइली, आणि दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला, म्हणजे रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी, कुणी लोणच्याची बरणी माझ्या बिलांवर ठेवली तर घरात महाभारत. मुलगा हॉस्टेलला गेला, तिसरी खोली रिकामी झाली, तेव्हा जाहीर केलं की ही आता माझी.

पहिल्या फेरीत मी सरळ गुलाबी रंग दिला. चारही भिंतींना. दुकानातल्या कार्डावर तो नाजूक होता, घरी आल्यावर बर्फाच्या गोळ्यावर ओततात त्या सरबताचा झाला. व्हिडिओ कॉलवर एका क्लायंटने काळजीने विचारलं, "मॅडम, ताप आहे का?" दार उघडं राहिलं की हॉलमधूनही ती खोली शेजाऱ्यांच्या घरातली असल्यासारखी दिसायची.

दुसऱ्यांदा लावताना मग साडीचा हिशोब धरला. चांगल्या साडीचं अंग शांत असतं, काठ ठसठशीत असतो आणि सगळी हौस पदरावर असते. पण पदर कुठल्या दुसऱ्याच साडीचा वाटत नाही, कारण काठ अंगावरून वाहत वाहत पदरापर्यंत येतो. तुमचं बेज-राखाडी घर हे अंग समजा. तुमची खोली पदर. खालच्या सगळ्या पायऱ्या याच हिशोबाने आहेत.

आधी हाताशी काय ठेवायचं

- मोजपट्टी, वही, पेन्सिल. खोलीचा हाताने काढलेला नकाशा, त्यावर दार कुठल्या बाजूला उघडतं ते आणि प्रत्येक स्विचबोर्डाची जमिनीपासूनची उंची.
- घरातल्या टाइलचा एखादा सुटा तुकडा. बहुतेकांच्या माळ्यावर दोन-चार उरलेल्या असतातच.
- पांढरे ए-फोर कागद आणि मोठी पुठ्ठ्याची खोकी.
- सोसायटीत ठोकाठोकीच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या विचारून घ्या. आमच्याकडे दुपारी दोन ते चार ड्रिल बंद.
- घर भाड्याचं असेल तर रंग आणि खिळ्यांबद्दल मालकाची लेखी परवानगी. व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लेखी हवी.
- याच पत्त्यावर जीएसटी नोंदणी करायची असेल तर वीजबिल आणि करारनामा किंवा घर ज्याच्या नावावर आहे त्याचं संमतिपत्र. आणि नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं, त्याच्या फ्रेमची जागा आत्ताच धरा. नंतर ते कॅलेंडरच्या खिळ्यावर लटकतं.

१. घराच्या रंगामागचा रंग ओळखा

बेज म्हणजे एकच रंग नाही. कुठला पिवळ्याकडे झुकतो, कुठला गुलाबीकडे, कुठला हिरवटाकडे. राखाडी निळ्याकडे झुकतो नाहीतर तपकिरीकडे. एकट्याकडे बघून हे कळत नाही. टाइलच्या शेजारी पांढरा कागद ठेवा, दिवसाच्या उजेडात बघा. टाइल लगेच चुगली करते. आमची पिवळट-तपकिरी निघाली आणि माझ्या गुलाबीत निळा भरपूर होता. दोघींचं जमणारच नव्हतं.

ढोबळमानाने, पिवळट बेजला डाळिंबी, अबोली, गेरू, आमसुली, मोरपंखी हे रंग मानवतात. निळसर राखाडीला वांगी, जांभळा, गुलबक्षी. भिंतीचा रंग बदलता येतो, टाइल बदलत नाही, म्हणून जुळवायचं ते नेहमी टाइलशी.

२. रंगाच्या कार्डाआधी साडीचं कपाट उघडा

दुकानातल्या कार्डावर हजार-दीड हजार छटा असतात आणि अर्ध्या तासात सगळ्या सारख्या दिसायला लागतात. तुमच्या कपाटात तुम्हीच वर्षानुवर्षं निवडलेले रंग आहेत. सहा-सात साड्या किंवा ओढण्या काढा, टाइलवर पसरा, दाराशी उभ्या राहून बघा.

माझ्याकडे निकाल भलतीकडूनच लागला. सासूबाई हे सगळं बघत होत्या. त्यांनी दिवाणातून एक गाठोडं काढलं. कडुनिंबाचा वाळलेला पाला झटकला, वरचं धोतर सोडलं, आत त्यांच्या आईचं नऊवारी इरकल. शेवाळी अंग, घड्यांवर थोडं विटलेलं. काठ डाळिंबी, आणि रेशमी पदरावर त्याच लालात पांढरी नक्षी. टाइलवर टाकलं तर टाइलच उजळली. "घे," त्या म्हणाल्या, "नेसणार तर कुणी नाहीये. पण पदराला कात्री लावू नकोस."

एकच मुख्य रंग घ्या. फार तर सोबतीला एक. फ्लॅमिंगो, सोनेरी अननस, "बॉस लेडी" लिहिलेल्या पाट्या असलं ऑनलाइन सुचत राहतं. घ्यायचं असेल तर घ्या, पण महिनाभर कार्टमध्ये पडू द्या.

३. टेबल आणि खुर्ची आपल्या मापाची

पैसे कमी असतील तर इथे घाला आणि बाकी सगळं पुढे ढकला. बायकी ऑफिस म्हणून जे फोटो फिरतात त्यात पातळ सोनेरी पायांचं टेबल आणि मखमली खुर्ची असते. त्या खुर्चीवर मी एकदा वार्षिक रिटर्न भरलं. पुढचे चार दिवस कमरेला शेक.

बाजारातलं टेबल साधारण ३० इंच उंच असतं. माझी उंची पाच फूट एक इंच. तीस इंची टेबलाला हात पुरावेत म्हणून खुर्ची वर घेतली की पाय लटकतात, पाय टेकवले की खांदे कानाला लागतात. माप असं घ्या: पाय जमिनीवर सपाट टेकवून बसा, कोपर काटकोनात, आणि दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून कोपराच्या खालपर्यंतचं अंतर मोजायला सांगा. माझं २६ इंच आलं. सुतार म्हणाला, "ताई, टेबल तीसचंच असतं." मी म्हटलं, या टेबलावर तुम्ही बसणार आहात का? केलं त्यांनी.

टेबल इतकं खाली असलं की फळीखाली ड्रॉवर घेऊ नका, गुडघे आपटतात. ड्रॉवर बाजूला, वेगळ्या पेटीत. तयारच टेबल घ्यायचं असेल किंवा भाड्याचं घर असेल, तर खुर्ची वर घ्या आणि पायाखाली पाट ठेवा. स्वयंपाकघरातला जुना पाट याला उत्तम.

टेबलाची खोली २४ इंचांपेक्षा कमी नको, कारण स्क्रीन हातभर लांब हवा आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. खुर्चीबद्दल एक गोष्ट कुठल्याच दुकानदाराने मला सांगितली नाही: ओढणी चाकात जाते. साडीचा पदरही जातो. एकदा मान खाडकन मागे गेली तेव्हा कळलं. तेव्हापासून दाराच्या मागे एक हुक आहे, बसायच्या आधी ओढणी तिथे.

सापळा: एमडीएफ, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेली फळी. स्वस्त, गुळगुळीत, पांढराशुभ्र. माझं पहिलं टेबल त्याचंच होतं. ऑगस्टमध्ये खिडकी उघडी राहिली, झड आत आली आणि कड भिजलेल्या टोस्टसारखी फुगली. ती परत बसत नाही. नाशिकचा जून ते सप्टेंबर लक्षात ठेवून प्लाय घ्या. प्लायवरचा शिक्का स्वतः वाचा. ७१० हा आकडा म्हणजे मरीन प्लाय. खिडकीपासून लांब असेल तर त्याखालची बीडब्ल्यूआर (बऱ्यापैकी पाणी सोसणारी) ग्रेड चालते. नुसतं "वॉटरप्रूफ आहे हो" यावर जाऊ नका. सनमायका मॅट घ्या, चकचकीत नको; त्यात दिव्याचं प्रतिबिंब पडून डोळे दुखतात.

४. रंगाऱ्याच्या आधी वायरमन

उलटं केलंत तर नवी भिंत फोडावी लागेल. टेबलाच्या वर चार-पाच इंचांवर एक बोर्ड, त्यात किमान चार पॉइंट. राउटर आणि टेबलाचा एक पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर. वीस तारखेला संध्याकाळी लाइट गेली की मला दुवा द्याल.

५. रंग: किती, कुठे, कधी

पुठ्ठ्याला प्रायमर लावून वर रंगाचे दोन हात द्या. दोन फुटी चौकोन हवा, तळहाताएवढा ठिपका नको. सकाळी नऊला, दुपारी चारला आणि रात्री दिवे लावून बघा. दोन दिवस खोलीत फिरवा. पश्चिमेची खिडकी असेल तर दुपारचं ऊन लालाला अजून लाल करतं. माझा डाळिंबी त्यामुळे मी एक पायरी मातकट घेतला.

गडद रंग एकाच भिंतीला. कुठल्या? तुमच्या पाठीमागच्या. समोरच्या भिंतीवरून परतणारा उजेड तुमच्या तोंडावर पडतो, माझा ताप तिथूनच आला होता. समोर घराचाच मोतिया ठेवला की चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो आणि मागे डाळिंबी भिंत कॅमेऱ्यात झकास येते.

हिशोब सोपा आहे. दहा फूट रुंद, साडेनऊ फूट उंच भिंत म्हणजे ९५ चौरस फूट. एक लिटर इमल्शन दोन हातांना ६० ते ७० चौरस फूट पुरतं. म्हणजे दीड लिटर. एक-एक लिटरचे दोन डबे घ्या. रंगारी चार लिटरचा सांगेल, त्याला सवय असते. दोन्ही डबे एकाच वेळी मिसळून घ्या, छटेत फरक राहत नाही.

पावसाळ्यात रंग नको. दसरा-दिवाळीच्या मधे रंगारी मिळत नाहीत, मिळाले तर घाईत असतात. जानेवारी ते मार्च सगळ्यात बरा, फक्त मार्चअखेरची आपली कामं सांभाळून. मी शहाणी, रंगाऱ्याला १८ तारखेला बोलावलं होतं.

सापळा: बाहेरच्या बाजूच्या भिंतीतली ओल. ओलीवर कितीही भारी रंग लावा, पोपडे येणारच. आधी फूटभर प्लॅस्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला, भिंतीकडे, दव जमलं तर रंग थांबवा आणि बाहेरच्या भेगांचं बघा. मी हे केलं नव्हतं; खिडकीखालच्या कोपऱ्यात पहिल्याच श्रावणात नकाशा उमटला.

६. दिवे

बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, आपल्या जुन्या ट्यूबलाइटसारखा. त्यात बेज मळकट आणि डाळिंबी जांभळट दिसतो. ३००० म्हणजे पिवळसर, उबदार. कामासाठी ४००० मधला. मी छताला ४००० आणि टेबलाशेजारच्या दिव्यात ३००० ठेवला. हॉलमध्ये ३००० आहे, त्यामुळे संध्याकाळी दार उघडं असलं तरी दोन घरं वाटत नाहीत. सीआरआय म्हणजे रंगांच्या खरेपणाचा आकडा; तो ९० किंवा वर असेल तर रंग खरे दिसतात, शक्य असेल तर तसा घ्या.

टेबल खिडकीला काटकोनात लावा. खिडकी पाठीमागे आली तर कॉलवर तुमची नुसती सावली दिसते, समोर आली तर डोळे मिचकावत बसाल.

७. नऊवारीचा पडदा

आता हौसेची गोष्ट. नऊ वार म्हणजे २७ फूट. लिंटेल (खिडकीवरची सिमेंटची आडवी पट्टी) सात फुटांवर असतं, रॉड त्याच्या वर सहा इंच, म्हणजे पडदा साडेसात फुटांचा. वर-खाली दुमडायला सहा इंच धरून आठ फुटांचा एक तुकडा. असे तीन म्हणजे २४ फूट, आणि उरतो तीन फुटांचा पदर. अगदी नेमकं बसलं. साडीचा पन्हा ४५ इंचांच्या आसपास. तीन तुकडे १३५ इंच. खिडकी पाच फुटांची, रॉड दोन्हीकडे सहा-सहा इंच पुढे, म्हणजे ७२. जवळपास दुप्पट कापड, चुण्या छान पडतात. काठ उभे येतात ते तर आयतंच मिळालं. मी दोन तुकडे ऊन येतं त्या बाजूला आणि एक दुसरीकडे लावला. हे अजून विचारतात की एका बाजूला कमी का.

कापायच्या आधी तीन गोष्टी. साडी ज्यांची आहे त्यांना विचारा, त्या नसतील तर ज्यांना आठवण आहे त्यांना. गार पाण्यात हलकी धुऊन सावलीत वाळवा, आटायचं असेल तर आधीच आटेल. आणि खिडकीकडे धरून बघा: धागे विरलेले दिसले तर पडदा करू नका, गोधडीत घाला. मागे पांढऱ्या सुती कापडाचं अस्तर हवंच, नाहीतर पश्चिमेच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत जाळी होईल.

रेशमी पदर खिडकीत नाही लावायचा. मी तो एका पांढऱ्या सुती कापडावर हाताने टाके घालून बसवला, फेव्हिकॉल अजिबात नाही, आणि जास्तीचा भाग मागे दुमडून काचेच्या फ्रेममध्ये घातला. कात्री लागली नाही. फ्रेम समोरच्या मोतिया भिंतीवर आहे, ऊन पोचत नाही तिथे.

जुनी साडी नसेल तर खणाचं कापड आहे. पन्हा लहान असतो, त्यामुळे पडद्यापेक्षा उशीला, पाटाच्या गादीला, फाइलींच्या खोक्यांना बरं. पैठणीचं येवला इथून साधारण ८० किलोमीटरवर, पण नवी पैठणी कापून उशी करायचं मी तरी सुचवणार नाही. जुनी, फाटलेली मिळाली तर गोष्ट वेगळी.

८. फाइली आत, पितळ बाहेर

बॉक्स फाइल उभी ठेवायला फळीत १५ इंच मोकळी उंची लागते. कपाटाला दारं घ्या, काचेची नकोत. फाइलींच्या पाठी कितीही सजवल्या तरी फाइलीच दिसतात. मोकळ्या फळ्या तीन फुटांपेक्षा लांब घेतल्या तर मधे झोल येतो.

नव्या इमारतींत आतल्या भिंती बहुधा सिपोरेक्स ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या विटांच्या असतात. त्यात स्क्रूसाठी ठोकतात ती साधी गिट्टी टिकत नाही. माझी पहिली फळी तीन महिन्यांत प्लास्टरसकट खाली आली, नशीब तेव्हा मी चहा करायला गेले होते. ब्लॉकच्या भिंतीसाठीचे लांब अँकर मागून घ्या, किंवा जड कपाट जमिनीवरच उभं करा.

मांडायला काय? बुधवारी गंगेवरचा (आम्ही गोदावरीलाच गंगा म्हणतो) बाजार आणि जुन्या नाशकातला भांडी बाजार, एवढं पुरे. माझ्याकडे पेनं पितळी पेल्यात, टाचण्या हळदी-कुंकवाच्या करंड्यात, आणि जुन्या घंगाळात मनी प्लांट. पितळ बेजला सख्ख्या बहिणीसारखं शोभतं. मात्र चिंचेने घासायची तयारी हवी. नसेल तर दोन वस्तूंवर थांबा. झाडांत मनी प्लांट आणि स्नेक प्लांट कमी उजेडात तग धरतात. आरसा लहान आणि दाराजवळ. कॉलच्या आधी टिकली नीट आहे का बघायला तेवढा पुरतो.

९. काठ बाहेर न्या

बहुतेक जणी इथे थांबतात आणि मग खोली घरात चिकटवल्यासारखी दिसते. तुमचा रंग खोलीबाहेर दोन-तीन ठिकाणी, अगदी थोडा दिसू द्या. आमच्या राखाडी सोफ्यावर एक डाळिंबी खणाची उशी आहे, पॅसेजमध्ये एक पितळी तांब्या. उलटंही करा: हॉलचा मोतिया खोलीच्या तीन भिंतींवर, हॉलच्या दारांचा फिका लाकडी रंग टेबलाच्या सनमायकात. यांना उशीचा रंग दिसायला पंधरा दिवस लागले.

भाड्याच्या घरात

भिंत रंगवता येत नसेल तर पाठीमागे रॉडवर साडी किंवा गोधडी उभी सोडा, कॅमेऱ्याला फरक कळत नाही. चिकटवायचे वॉलपेपर नव्या रंगावर लावू नका, सोलताना रंगही येतो आणि डिपॉझिटही जातं. दिवे, खुर्ची, पाट, पडदा हे सगळं तुमच्याबरोबर पुढच्या घरी येतं, पैसे त्यात घाला.

उरलेला अर्धा लिटर रंग टाकून देऊ नका. झाकण घट्ट ठोका, डबा बाल्कनीत नको, आत सावलीत ठेवा. आणि छटेचा नंबर, कंपनी, तारीख हे कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवा. डब्यावरची चिठ्ठी गळून पडते. माझी पडली होती, आणि खिडकीखालचा कोपरा दुरुस्त करताना रंगाऱ्याने विचारलं, "ताई, हा लाल नेमका कुठला?" तेव्हा पडद्याचा काठ धरून दुकानात जावं लागलं.